आप्पा, हंगाम संपेपर्यंत

ती. आई-आप्पांना साष्टांग नमस्कार.

तालमीची पोरं घरी आली होती, आप्पांनी पुन्हा फुटबॉलचा संघ हातात घ्यावा म्हणून मागे लागलीत आणि त्यावरून घरात अबोला आहे, हे ताईकडून कळलं. आई, तुझी काळजी मला समजते. शाहू स्टेडियमवर मॅच रंगली की आप्पांचा चेहरा कसा लालबुंद होतो, ते मी लहानपणापासून बघितलंय. तरीही या वेळी मी आप्पांच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

इथे डसेलडॉर्फजवळ म्योन्शनग्लाडबाख नावाचं गाव आहे. फुटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेले यूप हाइन्केस तिथले. जन्म 1945 चा, लोहाराच्या घरातला, दहा भावंडांतले नववे. तिथल्याच ग्लाडबाख क्लबकडून खेळून चार वेळा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची मुख्य लीग, जिंकले आणि त्या लीगमध्ये एकूण 220 गोल केले.

आप्पा, खेळाडू म्हणून त्यांची लीगमधली शेवटची मॅच तुम्हाला आवडेल. 29 एप्रिल 1978, मैदान आमच्या डसेलडॉर्फचंच. ग्लाडबाख आणि कोलोन यांचे गुण सारखे, म्हणून विजेतेपद गोलफरकावर ठरणार, आणि त्यात कोलोन दहाने पुढे. म्हणजे आशा जवळपास संपलेली. तरी हाइन्केसनी पहिल्याच मिनिटाला गोल मारला, हाफटाइमला 6-0, आणि शेवटी डॉर्टमुंडवर 12-0! त्यातले पाच गोल एकट्या हाइन्केसचे. तिकडे कोलोननेही 5-0 ने मॅच मारली आणि विजेतेपद तीन गोलांच्या फरकाने गेलं.

प्रशिक्षक झाल्यावर राग आला की त्यांचा चेहरा असा तापायचा, की लोकांनी दिव्यांच्या कंपनीवरून त्यांना ‘ओसराम’ नाव ठेवलं. (आई, आता कळलं ना मला हा माणूस जवळचा का वाटतो!) बायर्न म्युनिक क्लबला लागोपाठ दोन लीग जिंकून दिल्या, तरी 1991 मध्ये काढून टाकलं. 1998 मध्ये स्पेनच्या रिआल माद्रिदला 32 वर्षांनी युरोपियन कप, म्हणजे चॅम्पियन्स लीग, मिळवून दिला, आणि काही दिवसांतच तिथूनही नारळ मिळाला. 2012 ला पुन्हा बायर्नमध्ये असताना घरच्याच मैदानावर चेल्सीविरुद्ध चॅम्पियन्स लीगची फायनल पेनल्टीवर हरले. पुढच्या वर्षी लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकून वयाच्या 68 व्या वर्षी ते घरी, शेतावर गेले.

मला मोलाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. ऑक्टोबर 2017 मध्ये बायर्न पाच गुणांनी मागे पडलं आणि 72 वर्षांच्या या माणसाला परत बोलावलं. ते गेले, पण अटी घालून. हंगाम संपेपर्यंतच. आणि जुने सहायक पेटर हेरमान सोबत हवेतच. हेरमान तेव्हा डसेलडॉर्फच्या संघात होते. बायर्नने पैसे मोजून त्यांना सोडवून घेतलं. रोजची मैदानावरची मेहनत वाटून घेतली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला संघ नीट पाहता आला. त्या वर्षी लीग 21 गुणांच्या आघाडीने जिंकली. मग क्लबचे अध्यक्ष ‘राहा, राहा’ म्हणत राहिले. हाइन्केस नाहीच म्हणाले. जर्मन कपची फायनल फ्रांकफुर्टविरुद्ध 3-1 ने हरले, तरी ‘आता एक वर्ष भरपाईला’ असा मोह धरला नाही. मला तर तीन कपांपेक्षा हे अवघड वाटतं.

म्हणून आप्पा, तुम्ही हो म्हणा. पण पोरांना आधीच सांगा, हा एकच हंगाम. सकाळी पळवायला, शिट्टी मारायला तुमच्या हाताखाली खेळलेल्यांपैकी कुणीतरी तरणा गडी घ्या. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि खेळ बघा. बीपीची गोळी चुकली तर त्या दिवशी मैदान बंद, हे आईने ठरवायचं. आणि आई, तू त्यांना दारातून हसून पाठव गं. रुसून पाठवलंस तर ते जातील, पण त्यांचं लक्ष घरीच राहील.

रविवारी फोन करते. तेव्हा तालमीला काय निरोप दिला ते दोघांच्या तोंडून ऐकायचंय.

तुमची,
धाकटी