माणशी उलाढालीचा आकडा अपुरा

महोदय,

कुरकुंभसारख्या (ता. दौंड) रासायनिक वसाहतींतील कारखान्यांची तुलना बातम्यांत ‘माणशी उलाढाली’वर करणे चूक आहे. समजा, ४० कामगारांचा कारखाना १२ कोटींचा कच्चा माल, वाफ, वीज घेऊन २० कोटींचा माल करतो. माणशी उलाढाल ५० लाख, माणशी मूल्यवर्धन (उलाढाल वजा ही खरेदी) २० लाख. पुढे त्याने मधले दोन टप्पे बंद करून तयार इंटरमीडिएट (मधल्या टप्प्याचे रसायन) विकत घेतले. खरेदी १५ कोटी, कामगार २५. उलाढाल माणशी ८० लाखांवर गेली, मूल्यवर्धन मात्र २० लाखच! हात वेगवान झाले नाहीत, काम पुरवठादाराकडे गेले.

काही खरेदी खरोखर श्रम वाचवते. ४८ टक्क्यांचे १० टन कॉस्टिक सोड्याचे द्रावण (लाय) फ्लेक्सपासून, म्हणजे घन पापुद्र्यांपासून, करायचे तर ५० किलोच्या ९६ गोण्या फोडाव्या लागतात. उष्णता निघते, म्हणून फ्लेक्स पाण्यात थोडे थोडेच टाकायचे. टँकरने आलेली तयार लाय दोन माणसे पंपाने उतरवतात. मात्र भाड्यातला निम्मा भार पाण्याचा, आणि ५० टक्के लाय १२ अंशांच्या आसपास गोठू लागते. दौंडच्या थंडीत पाइपला हीट ट्रेसिंग (पाइप गरम ठेवण्याची सोय) हवेच.

सर्वांत दुर्लक्षित बाब खरेदी केलेल्या मालाच्या दर्जाची. स्वस्त टीएचएफ या द्रावकात पाणी जास्त असले की ग्रिन्यार अभिक्रिया (मॅग्नेशियम आणि हॅलाइड रसायनाची) सुरू व्हायला उशीर होतो. तोवर साचलेले हॅलाइड मग एकदम उसळते. हा थेट कामगाराच्या जिवाला धोका आहे. ड्रम वापरण्यापूर्वी पाण्याचे प्रमाण मोजणारी कार्ल फिशर चाचणी झालीच पाहिजे.

वार्षिक उद्योग पाहणीत निविष्टा (कच्चा माल, इंधन आदी खरेदी) आणि निव्वळ मूल्यवर्धन वेगळे दिलेले असते. बातम्यांत तेच आकडे यावेत, ही विनंती.

– एक वाचक, पुणे