कुत्रं देण्याआधी मळ्यावर येऊन बघा

संपादक महोदय,

आमच्या शेजारच्या मळेवाल्याला एका प्राणिसंस्थेने कुत्र्याचं पिल्लू नाकारलं. फॉर्म मोबाइलवर, तोही इंग्रजीत. घर स्वतःचं की भाड्याचं, सोसायटीची परवानगी आहे का, बाल्कनीला जाळी आहे का. केळीच्या मळ्याला बाल्कनी कुठून आणायची? त्याने 'नाही' लिहिलं, विषय संपला. कारणही कोणी कळवलं नाही.

तरी चौकशी व्हावी याच मताचा मी आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी नोकरी यावल-रावेर पट्ट्यात झाली. राखणीच्या कुत्र्याचे हाल मी पाहिलेत. लहान असेपर्यंत पोरं खेळवतात, मोठं झालं की मळ्यातल्या खोलीपाशी साखळीला. सालदार आला तर भाकरी, नाही तर उपास. मे महिन्यात पारा ४५ वर, डोक्यावर पत्रा आणि भांड्यातलं पाणी चटका देणारं. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या फिरतो, त्याला साखळीतलं कुत्रं आयतंच. मादी असली की पिल्लं होतात आणि ती पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडली जातात. म्हणून तर जो तो नरच मागतो.

तेव्हा विचारायचं ते हे विचारा. दुपारी कुत्रं कुठे बसणार? रात्री साखळी सुटणार का? लग्नसराईत घरदार गावाला गेलं तर खायला कोण घालणार? रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढेही वेळच्या वेळी टोचायची, तर दवाखान्यात कोण नेणार? आणि हे घरातल्या बाईला विचारा. फॉर्म पोरगा भरतो, भाकरी त्याची आई टाकते.

शक्य असेल तर मळ्यावर या. नाहीच जमलं तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक फोन करा. लाळ्या-खुरकुताच्या लसीला कोण आपली जनावरं वेळेवर आणतो आणि कोणाच्या गोठ्यावर दहादा निरोप धाडावा लागतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मते पगाराच्या कागदापेक्षा ही साक्ष भारी.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेतलेलं भटकं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. ती पाळली जाते का, यावर कुत्रं देणाऱ्या संस्थेनेही नंतर लक्ष ठेवायला हवं. माणसाला जमेना, तर कुत्रं परत घेऊ असं आधीच सांगावं. नाही तर तो लाजेकाजेस्तव रात्री हायवेला सोडून येतो.

नकार द्यायचा तर मराठीत, कारणासह द्या. नाकारलेला माणूस चार दिवसांत रस्त्यावरचं पिल्लू उचलतोच, आणि तिथे त्याला लस-नसबंदीचं विचारणारं कोणी नसतं.

— एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. यावल, जि. जळगाव