आपल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) डॉक्टरांवरच्या लेखाबद्दल

चि. रिबेका,
अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलला पोस्टिंग लागलं हे कळल्याबरोबर बाबा नवसाचा मलिदा बोलून मोकळे झाले. नारळ खवायचे मी, हे सांगायला नकोच.

सिनेगॉगच्या स्मरणिकेसाठीचा तुझा लेख वाचला. डॉ. जेरुशा झिराड त्यात आहेत, हव्यातच. मांडव्याच्या रस्त्यावरचं झिराड त्यांच्या आडनावात आहे, जन्म मात्र १८९० चा, शिमोग्याचा. सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकल्या, १९१९ मध्ये एम.डी. झाल्या, १९२८ ते १९४७ कामा सांभाळलं. हे तू सगळं दिलंस, १९६६ ची पद्मश्रीसुद्धा. पण मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात, याचा त्यांनी कसून शोध घेतला होता, ते कसं विसरलीस? आता त्याच वॉर्डांत फिरशील, तेव्हा तो अहवाल शोधून वाच.

डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींचे डॉक्टर, हे कुणीही लिहील. हिटलरच्या छळाला कंटाळून मुंबईत आलेल्या ज्यू डॉक्टरांना इथे प्रॅक्टिस करता यावी म्हणून त्यांनी खटपट केली होती. दोन ओळी त्यावर हव्यात.

खरी तक्रार पुढेच आहे. लेखाचं नाव ‘अलिबागचे डॉक्टर’, आणि अलिबागेत कुणाची नाडी बघितलेलं त्यात एकही माणूस नाही! मोठी नावं सगळी मुंबईची. इथे इस्रायल आळीत आम्ही बघितले ते कंपाउंडर आणि नर्सबाया. माझी आत्या त्यातलीच. शुक्रवारी दिवे लागले की घरात काडी ओढायची नाही, इतकी कडक. पण कोळीवाड्यातून बाळंतिणीचा निरोप आला की ताट सारून पिशवी उचलायची. जीव वाचवताना शब्बाथचा विसावा मोडला तर पाप नसतं, हे तिला सिनेगॉगात प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानला विचारावं लागलं नाही. पैशांऐवजी सुकी मासळी मिळे, त्यावर आजी कुरकुरायची.

पुढे आळीतली घरं एकेक करून इस्रायलला गेली. आत्या तिथल्या लोद शहरात गेली. हिब्रू धड येत नव्हतं, पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या आजारी पडल्या की त्यांचं दुखणं मराठीत ऐकून डॉक्टरांना खुणांनी सांगायची.

तिचं नर्सिंगचं सर्टिफिकेट तिच्या मुलीकडे आहे. स्मरणिका छापायला जायच्या आत तिला फोन कर, नंबर बाबा देतील. फक्त शुक्रवारी संध्याकाळी करू नकोस, उचलणार नाही.

तुझी,
आई