आधी संसद पुरेशी भरू द्या: संसदीय कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. संसदीय कार्य मंत्री, भारत सरकार, यांस सादर नमस्कार.

पंतप्रधान जनतेने थेट निवडावा, अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत आणावी, म्हणजे सरकारे मध्येच पडणार नाहीत, असे म्हणणारी मंडळी आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांतही भेटतात. मला हे मत पटत नाही. पण त्यामागचा वैताग खरा आहे, आणि तो दूर करणे बऱ्याच अंशी आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

सरकार पडण्याचे दुःख ग्वाल्हेरकरांना कोणी समजावून सांगायला नको. १७ एप्रिल १९९९ रोजी, याच गावात जन्मलेल्या अटलजींचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तेव्हा आमच्या घरी कोणाला जेवण गेले नाही. तरीही इतक्या वर्षांनी मला वाटते की संसदीय पद्धतीचे मोल त्या एका मतातच होते. अटलजींसारख्या नेत्यालाही सभागृहाचा विश्वास सिद्ध करावा लागला, आणि तो नाही असे दिसताच त्यांनी राजीनामा दिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हीच निवड स्पष्ट केली होती: अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, ब्रिटिश पद्धतीत उत्तरदायित्व अधिक, आणि मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले आहे. निवडणुकीत होणाऱ्या हिशेबापेक्षा प्रश्न, ठराव आणि चर्चा यांतून रोज होणारा हिशेब भारतासारख्या देशाला अधिक गरजेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

थेट निवडीची चव आम्ही गावातच घेतली आहे. मध्य प्रदेशात महापौर मतदार थेट निवडतात. २०२२ मध्ये ग्वाल्हेरला महापौर काँग्रेसच्या आल्या आणि परिषदेत बहुमत भाजपच्या पार्षदांना मिळाले. कौल दोघांनाही जनतेचाच. मग काम अडले तर जाब कोणाला विचारायचा? हाच पेच अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर दिसतो. सीमेवरील भिंतीच्या पैशांवरून अध्यक्ष आणि काँग्रेस (तिथली संसद) यांचे जुळले नाही, तेव्हा २०१८-१९ मध्ये संघ सरकारचा काही कारभार ३५ दिवस बंद राहिला. पण तिथे अध्यक्षाला आवर घालणारे सभागृह तरी खरे बळकट आहे: मंत्र्यांच्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते, तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते, आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. आपल्याकडे १९८५ पासून संविधानाच्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, खासदाराला पक्षादेशाशी बांधून ठेवले आहे. ती तशीच ठेवून वर थेट निवडलेला प्रमुख बसवला, तर त्याला पायउतार करता येणार नाही आणि अडवायलाही कोणी उरणार नाही.

मात्र आज रोजचा हिशेब तरी कुठे होतो? सतराव्या लोकसभेच्या पूर्ण कार्यकाळात अवघ्या २७४ बैठका झाल्या. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, आणि त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन भरलेच नाही. साथीचे दिवस होते हे मान्य. पण संकटातच सरकारला प्रश्न विचारण्याची गरज सर्वाधिक असते. स्थैर्य गमावण्याची तयारी ठेवून आपण ज्या उत्तरदायित्वासाठी ही पद्धत स्वीकारली, तेच हाती लागेनासे झाले, तर लोक दुसऱ्या पद्धतीकडे वळणारच.

म्हणून दोन विनंत्या आहेत. अधिवेशनाच्या तारखा ठरवण्यात आपल्या मंत्रालयाचा मोठा वाटा असतो. संविधानाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने २००२ मध्ये लोकसभेसाठी वर्षाला किमान १२० आणि राज्यसभेसाठी १०० दिवस सुचवले होते. ते बंधनकारक करणारा प्रस्ताव आपण मांडावा. आणि पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास व अविश्वास ठरावांपुरतीच ठेवावी, या निवडणूक सुधारणांवरील गोस्वामी समितीच्या १९९० च्या सूचनेवर सभागृहात चर्चा घडवून आणावी. त्या चर्चेत तरी खासदारांना पक्षादेश नसावा.

आपला विश्वासू,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक मतदार