आमच्या डाएटिशियन मॅडमना, जाहीर आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

सर्जन डॉक्टरांचे, भूलतज्ज्ञांचे आणि रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार मी सुट्टी मिळाली त्याच दिवशी मानले. तुमचे आभार तेवढ्यात मावणारे नव्हते. वजन कमी करण्याचं माझं ऑपरेशन काही तासांचं. ते करावं की करू नये, हे ठरवायला मला कितीतरी महिने लागले आणि त्या सगळ्या काळात माझ्या समोरच्या खुर्चीत तुम्ही होतात. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या किती तरी बायका आज त्याच प्रश्नावर अडल्या आहेत. घरी विचारायची सोय नाही, बाहेर विचारायची लाज वाटते. अशांना कळावं की एखादं माणूस किती नीट मदत करू शकतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा वजन ११२ किलो, उंची पाच फूट दोन इंच. गुडघे जिन्याला घाबरायचे. चार वर्षांची शुगर होती, रात्री श्वास अडकून जाग यायची आणि शाळेत तिसऱ्या तासाला डोळे मिटायचे. तोवर सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, तोंडाला कुलूप लावा. एका डॉक्टरांनी तर माझ्या मुलासमोर सांगितलं. कुलूप मी लावूनही पाहिलं होतं, मॅडम. प्रत्येक वेळी वजन उतरलं, आणि प्रत्येक वेळी व्याजासकट परत आलं.

तुम्ही वहीत पहिला प्रश्न लिहिलात तो वजनाचा नव्हता. "दिवसभरात निवांत बसून पहिला घास कधी खाता?" असं विचारलंत. मला उत्तर द्यायला वेळ लागला. सकाळी डबे, मग शाळा, मग सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. बसून खाणं असं रात्रीचंच. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त लिहून घेतलंत. मग सांगितलंत की वजन कमी होऊ लागलं की शरीर त्याच्याविरुद्ध लढायला उठतं. भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारे संदेश मंदावतात, बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते, आणि हे सगळं वर्षभरानंतरसुद्धा टिकून राहिलेलं दिसतं. लठ्ठपणा हा आजार आहे, तुमच्या स्वभावातलं वैगुण्य नाही, असं मला पहिल्यांदा कुणी तरी तोंडावर सांगितलं ते तुम्ही. त्या दिवशी धंतोलीहून घरी जाताना मी रिक्षात रडले. बरं वाटलं म्हणून रडले.

मी स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून लहान करण्याच्या ऑपरेशनचं, नाव घेऊनच आले होते. मावसबहिणीने केलं होतं, मलाही तेच हवं होतं आणि लवकर हवं होतं. तुम्ही घाई केली नाहीत, पण मला टोलवलंही नाहीत. पुढ्यात तीन रस्ते मांडलेत आणि कुठल्याच रस्त्याला रंग फासला नाहीत. नुसत्या आहार-व्यायामाने माझ्या वजनात किती फरक पडेल आणि तो किती टिकेल, ते खरं सांगितलंत. तेव्हा, म्हणजे २०२५ मध्ये, वजन उतरवणारी ती इंजेक्शनं आपल्याकडे नुकतीच येत होती, आधी मौंजारो (त्यातलं औषध टिरझेपटाइड), मग वेगोव्ही (त्यातलं सेमाग्लुटाइड), आणि जो तो त्याबद्दलच विचारत होता. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिरझेपटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं हे तुम्ही सांगितलंत. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत चढलं, हेही त्याच दमात सांगितलंत. म्हणजे औषध बहुधा चालूच ठेवावं लागणार, तर दरमहाचा खर्च किती वर्षं झेपेल ते नवऱ्यासोबत बसून मांडा, म्हणालात. ऑपरेशनने सरासरी २५ ते ३० टक्के वजन जातं, पण दोन-तीन वर्षांनी त्यातलं काही परत येतं, हे मला तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. जाहिरातीतल्या बायका ऑपरेशनआधी आणि ऑपरेशननंतर अशा दोनच फोटोंत दिसतात, त्यांचं पाचवं वर्ष कुणी दाखवत नाही.

ऑपरेशनला मी पात्र आहे का, हा प्रश्न तुम्ही चुटकीसरशी सोडवलात. १९९१ पासून जगभर चालत आलेली रेषा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५. २०२२ मध्ये ती खाली आली, आणि आपल्या आशियाई अंगकाठीसाठी आणखी खाली, २७.५ पर्यंत. माझा आकडा ४५ च्या घरात होता, तेव्हा त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. विम्याचं कलम मात्र अजून जुन्याच ४० आणि ३५ वर आहे आणि त्याला आधीचे प्रयत्न फसल्याची कागदपत्रं लागतात, हे तुम्ही आठवणीने सांगितलंत. जुन्या चिठ्ठ्या मी त्याच आठवड्यात शोधून फायलीत लावल्या.

मग तुम्ही ते केलंत ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. "ऑपरेशनचा दिवस बाजूला ठेवा," म्हणालात, "त्यानंतरची चाळीस वर्षं जेवायचं कसं, ते आधी जगून बघा." आणि ऐन मे महिन्यात मला तालीम करायला लावलीत. स्टीलची छोटी वाटी आणि चहाचा चमचा. एक घास, तो पार पीठ होईस्तोवर चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मगच दुसरा. जेवण वीस-पंचवीस मिनिटांचं. आधी प्रोटीन: मूग, पनीर, अंड्याचा पांढरा भाग, दही, मग भाजी, भात-पोळीला जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, आणि तरीही दिवसभरात दीड-दोन लिटर पोटात गेलं पाहिजे, तेही घोट-घोट. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, बाहेरून आल्यावर तांब्या तोंडाला न लावता घोट-घोट पाणी पिणं काय असतं ते इथल्या माणसालाच कळेल. मला राग यायचा. तुम्ही म्हणालात, हा राग आत्ताच येऊ द्या. नंतर आला तर पर्याय नसेल.

त्या वाटीने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही माहितीपत्रकाने शिकवलं नाही. चौथ्या-पाचव्या घासानंतर हात आपोआप पुढच्या घासाकडे जातो आणि त्याचा भुकेशी काही संबंध नसतो, हे मी पाहिलं. रविवारी घरात तर्रीपोहे आले की मला पोहे नको असतात, सगळ्यांसोबत त्या प्लेटभोवती बसायचं असतं, हेही पाहिलं.

आणि तुम्ही विचारलेला तो प्रश्न. "महालक्ष्म्यांच्या दिवशी काय कराल?" तुम्ही इथल्याच, म्हणून सुचला तो. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठांचं मोठं असतं: सोळा भाज्या, पडवळाची कढी, ताकातली आंबील, पुरण, वडे, आणि पंगतीत आग्रह. ऑपरेशन झालेल्या बाईचं पान कुणाला दिसणार, कोण काय बोलणार, नैवेद्याच्या पुरणाला नाही कसं म्हणायचं? मला उत्तर सुचेना. तुम्ही म्हणालात, "उत्तर सापडेपर्यंत तारीख घेऊ नका. आणि ते तुम्हाला एकटीला सापडणार नाही. सासूबाईंना घेऊन या."

सासूबाई आल्या त्या धास्तावूनच. बसल्या बसल्या म्हणाल्या, "अवो बाई, पोटच कापून टाकलं त मंग हे जेवन काय?" बाकीच्यांनी हसून वेळ मारून नेली असती. तुम्ही कागद ओढलात, जठर काढलंत, स्लीव्हमध्ये पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून कायमचा काढतात ते रेघ मारून दाखवलंत, बायपासमध्ये जठर आतच राहतं पण वरच्या लिंबाएवढ्या पिशवीला आतडं जोडतात तेही दाखवलंत. त्यांनी कागद पदराशी धरून नीट पाहिला आणि विचारलं, वाटीभर जेवणावर हिला शक्ती कुठून येईल. तुम्ही त्यांनाच विचारलंत, घरात डाळी-मुगाचं काय काय करता? पुढचा अर्धा तास तुम्ही दोघीच बोलत होतात. त्या दिवसापासून माझ्या वाटीची राखण त्यांनी केली. महालक्ष्म्यांना पंगतीत कुणी आग्रहाला वाकलं की त्याच आधी म्हणायच्या, "तिचं पान मी वाढते."

माझ्या नवऱ्याने सगळ्यात शेवटी, दाराशी उभं राहून, हिला काही होणार तर नाही ना, असं विचारलं. तुम्ही 'काही होत नाही' म्हणाला नाहीत. मोठ्या केंद्रांच्या नोंदींत हजारात एक ते तीन मृत्यू दिसतात, शिवणीतून गळती आणि रक्तात गाठ होणं हे मुख्य धोके, असं सांगितलंत. १९८७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात, ऑपरेशन झालेल्यांमध्ये पुढच्या वर्षांत न झालेल्यांपेक्षा मृत्यू कमी झाले, तेही सांगितलंत. आणि सर्जनना त्यांचे स्वतःचे आकडे विचारायला पाठवलंत. घाबरलेल्या माणसाला खरा आकडा आधार देतो, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

आणखी एक गोष्ट. गप्पांच्या ओघात मी म्हणाले होते की रात्री आंबट पाणी घशाशी येतं, उशा दोन घेते. तुम्ही लगेच पेन थांबवलंत. स्लीव्हनंतर हा त्रास वाढू शकतो, हे सर्जनना सांगितलंत का, असं विचारलंत. मी सांगितलं नव्हतं, कारण ते मला दुखणं वाटतच नव्हतं. एन्डोस्कोपीत अन्ननलिका सोलवटलेली निघाली आणि सर्जननी बायपास सुचवला. मावसबहिणीला जे मानवलं ते मला मानवलं नसतं.

केस गळतील, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मूठमूठ येतील, घाबरू नका, आले तसेच. झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर, दरवर्षी रक्त तपासायचं, डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन-कॉम्बिफ्लाम घ्यायची नाही, गोड खाल्लं तर धडधड, घाम आणि जुलाब होतील. सगळं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून एकाही गोष्टीने मला रात्री डॉक्टरांना फोन करायला लावला नाही. पोटावरची कातडी लोंबते, त्याचंही सांगितलं होतंत. तिचं मला वाईट वाटतं, ते आहेच.

आज शुगरच्या गोळ्या बंद आहेत, तीन महिन्यांची साखर ठीक येते. ती पुन्हा वर जाऊ शकते हे माहीत आहे. रात्री सलग झोप लागते. शाळेचे दोन जिने मी मधे न थांबता चढते, आणि वर पोचल्यावर लगेच बोलू शकते.

तुमच्याकडे महिनोन्महिने येऊन शेवटी ऑपरेशन नको म्हणून गेलेली एक बाई माझ्या ओळखीची आहे. तिने वाटीची तालीम केली आणि ठरवलं की हे जन्मभर आपल्याच्याने व्हायचं नाही. तुम्ही तिला तितक्याच मायेने आजही तपासता, तिचा आहार ठरवून देता, तिला एकदाही परत ऑपरेशनचं विचारलं नाहीत. हे तिने मला सांगितलं तेव्हा तुमच्याबद्दलचा आदर आणखी वाढला.

मॅडम, वयाने तुम्ही माझ्याहून लहान, नाही तर पाया पडले असते असं सासूबाई म्हणतात. त्यांनी आशीर्वाद कळवायला सांगितले आहेत. पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेतली एक बाई तुमच्याकडे येते आहे. तिला अजून काहीच ठरवता आलेलं नाही. सोबत तिची आई असेल, ती बाहेरच्या बाकावर बसून राहील. तिला आत बोलवा.

आपली,
सक्करदऱ्याची एक शिक्षिका