बाल्या, इंग्रजीचा क्लास राहू दे, आधी हे वाच

प्रिय बाल्या,

तुझा एवढा लांब मेसेज दोनदा वाचला. फोनवर हे सगळं सांगून होत नाही म्हणून बसून लिहूनच राहिलो, वेळ मिळेल तसं वाच.

तू विचारलं की लॅब मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरची नोकरी सोडून मी टेक्निकल रायटिंगमध्ये, म्हणजे मॅन्युअल आणि सूचनापत्रकं लिहिण्याच्या कामात, कसा आलो, आणि आयुष्य लॅबमध्ये काढलेल्या डीएमएलटीवाल्याला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) हे जमेल का. हाव, जमेल. पण तू ज्या रस्त्यानं यायचं म्हणून राहिला ना, म्हणजे आधी इंग्रजीचा क्लास, मग कंटेंट रायटिंगचा महागडा कोर्स, मग "कोणत्याही विषयावर लिहून देतो" असं प्रोफाईल, तो मला अजिबात पटला नाही. कोणत्याही विषयावर लिहून देणारे ढीगभर आहेत बे. ज्यानं स्वतः नमुने घेतले, मशीनवर लावले, रिपोर्ट चुकला तर का चुकला ते शोधलं, आणि वर ते लिहूनही काढू शकतो, असा माणूस कंपन्यांना सापडत नाही. तू तोच आहेस.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूबच घे, रक्त गोठू नये म्हणून आत रसायन असलेली. बाहेरचा लेखक लिहील, "नमुना नीट मिक्स करा". व्याकरणात काही खोट नाही, पण कालच जॉईन झालेला पोरगा हे वाचून काय करेल? जोरजोरात हलवेल, पेशी फुटतील, हिमोलिसिस. नाहीतर एकदा उलटी करून स्टँडमध्ये ठेवून देईल, आत बारीक गुठळी होईल, मशीन प्लेटलेट कमी दाखवेल आणि घरच्यांची धावपळ सुरू, कारण डेंग्यूच्या दिवसात प्लेटलेटचा आकडा म्हटलं की नागपुरात माणसं आधीच घाबरलेली असतात. तू मात्र लिहिशील: रक्त खुणेपर्यंत भरा. ट्यूब लगेच ८ ते १० वेळा हळूच उलटसुलट करा. जोरात हलवू नका. तीन छोटी वाक्यं, आणि प्रत्येकामागे काय बिघडतं ते तुला पाठ आहे. माझ्या मते टेक्निकल रायटिंगचा जीव इथंच आहे, भाषा सुंदर असण्यात नाही.

आणि तू हे काम आधीच केलंय. एनएबीएलच्या (लॅबला मान्यता देणारी संस्था) वेळी धंतोलीच्या लॅबमध्ये रात्र रात्र बसून एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धती, कोणी लिहिल्या? सगळ्या तूच लिहिल्या ना! आयएसओ १५१८९ मध्ये, म्हणजे मेडिकल लॅबच्या स्टँडर्डमध्ये, काय मागितलंय, २०२२ च्या आवृत्तीत काय बदललं, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. बायोडेटात त्याची एक ओळ तरी आहे का? नसेल तर आजच टाक, सगळ्यात वर.

इंग्रजीची भीती मला कळते, आपण दोघंही मराठी मिडियमचे. म्हणून सांगतो, एएसडी-एसटीई१०० नावाचं एक स्टँडर्ड आहे, सिम्प्लिफाईड टेक्निकल इंग्लिश म्हणतात त्याला. विमानाची देखभाल करणाऱ्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांना मॅन्युअल समजावं म्हणून ते काढलं, त्याची पहिली गाईड १९८६ ला आली. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, वर्णनाचं २५, एका शब्दाचा एकच अर्थ, आणि मंजूर शब्द साधारण ९००. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. व्याकरण बरोबरच पाहिजे, त्यात सूट नाही, पण जड इंग्रजी इथं कोणी मागत नाही, उलट ते खोडून टाकतात. गुगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, ते कर आणि क्लासचे पैसे वाचव.

मी काय शिकलो ते सांगतो. यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, कुठूनही कॉल यायचा की अॅनालायझर (रक्त तपासायचं मशीन) बंद पडला, आणि जाऊन बघतो तर बऱ्याचदा मशीन ठणठणीत, मॅन्युअलमधलं वाक्यच असं की रात्रपाळीच्या माणसाला कळूच नये. सगळ्यात चीड यायची ती धोक्याच्या सूचनेची. आधी लिहिणार "कव्हर उघडा", आणि त्याखाली "उघडण्याआधी पॉवर बंद करा". अरे, तोपर्यंत त्यानं उघडलं ना! सूचना नेहमी स्टेपच्या आधी. अमेरिकन स्टँडर्डमध्ये शब्दही ठरलेले आहेत: डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, आणि नोटिस म्हणजे माणसाला नाही, सामानाला धोका. हे चार शब्द अदलाबदल करून वापरणारा माणूस मला तरी या कामात नको.

मला पहिलं काम ओळखीतून मिळालं, रिएजंट (तपासणीची रसायनं) बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा किट इन्सर्ट, म्हणजे किटसोबत येणारं माहितीपत्रक. तुझ्याही ओळखी तिथंच आहेत, डीलर, अॅप्लिकेशनवाले (मशीन वापरायला शिकवणारे), सेल्सवाले, त्यांना सांगायला लाग. काम आहे, कारण आपल्याकडे मेडिकल डिव्हाईस रूल्स २०१७ चे, जानेवारी २०१८ पासून लागू, आणि युरोपात किट विकायची तर २६ मे २०२२ पासून आयव्हीडीआर, म्हणजे तिथला तपासणी किटचा कायदा. दोन्हीकडे माल नुसता चांगला असून भागत नाही, कागदपण चोख लागतो.

सॅम्पल म्हणून लॅबच्या एसओपी कोणाला दाखवू नको, त्या लॅबच्या आहेत. स्वतःचं नवीन लिही. घरी ग्लुकोमीटर कसा वापरायचा, एवढंच. हात का धुवायचे (बोटाला साखर लागली असेल तर रीडिंग खोटं वाढतं), बोटाच्या कडेला का टोचायचं, स्ट्रिपची डबी लगेच का बंद करायची. मग ते काकूंच्या हातात दे, बाजूला बस, एक शब्द बोलू नको, आणि त्या कुठं अडकतात ते लिहून घे. मी आजही असंच करतो.

पैशाचं थोडक्यात. नोकरी आत्ता सोडू नको, होम लोन आहे तुझं. पेमेंट उशिरा येतं, त्यामुळे ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सुरुवात करायची नाही आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार ते आधीच मेलवर लिहून घ्यायचं. वर्षाला २० लाखांच्या आत असशील तर जीएसटी नोंदणीची घाई नाही, बाकी सीएला विचार.

एआयचं विचारलं तू. मीपण वापरतो, मसुदा भराभर होतो. पण ट्यूबमधली गुठळी त्यानं पाहिलेली नाही, आणि चुकीचा आकडा तो तेवढ्याच ठामपणे लिहितो. तपासायला तुझ्यासारखाच माणूस लागतो, आणि पुढं त्याचेच पैसे मिळणार असं मला मनापासून वाटतं.

रविवारपर्यंत ग्लुकोमीटरचं लिहून पाठव, दोन पानांच्या वर नको. मेलवर वर्ड फाईल टाक, व्हॉट्सअपवर फोटो नको, म्हणजे मला ट्रॅक चेंजेस लावून परत पाठवता येईल. काकू कुठं अडकल्या तेही खाली लिही.

तुझाच दोस्त