हरलो नव्हतो, हे एकदा छापा

८ जुलै २०२५

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय महिला फुटबॉल संघाविषयी आपल्या सोमवारच्या अंकात क्रीडा पानावर जे स्फुट प्रसिद्ध झाले आहे, ते मी काल सकाळी दोनदा वाचले आणि दुपारी चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले, कारण चूक माझ्या डोळ्यांची असावी अशी मला आशा होती. तशी ती नव्हती. ‘गेल्या वेळी मायदेशात झालेल्या आशियाई चषकात भारताला साखळीतच पराभव पत्करून गाशा गुंडाळावा लागला होता,’ असे आपण स्वच्छ छापले आहे. हा पराभव कोणाकडून, किती गोलांनी आणि कोणत्या तारखेला पत्करला, एवढे कळवावे, म्हणजे मी हे पत्र परत घेईन.

त्या स्पर्धेत भारत एकच सामना खेळला. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी झालेला तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चांगल्या संधी हातच्या गेल्या, त्याची हळहळ वाटलीच. पण घरच्या स्पर्धेत पहिला गुण तर पदरात पडला होता. मला अशा गोष्टी लिहून ठेवण्याची खोड आहे. जुन्या दिनदर्शिकेचे डिसेंबरचे पान उलटे करून मी त्यावर पट्टीने तिन्ही गटांचे तक्ते आखले होते, आणि त्या रात्री भारतासमोर गुणांच्या रकान्यात १ हा आकडा पेनाने लिहिला. बाकीचे आकडे पेन्सिलीने लिहीत असे, कारण घाईत माझी बेरीज चुकते. हा एक मात्र पेनाने लिहिला, कारण मिळालेला गुण कोणी काढून घेईल असे तेव्हा मनातही आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, चिनी तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता. घरातली जेवणे लवकर उरकून मी दूरचित्रवाणी संचासमोर बसले, तर कळले की संघातील १२ जणींना करोनाची बाधा झाली आहे, काही आधीच जायबंदी आहेत आणि नियमाप्रमाणे लागतात तेवढ्या १३ खेळाडूही उभ्या करता येत नाहीत. सामना झाला नाही. पुढे आशियाई महासंघाने भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले आणि नियमावर बोट ठेवून इराणशी झालेला सामनाही रद्दबातल केला. २६ जानेवारीला चीनशी व्हायचा सामना तर कागदावरच राहिला. तक्त्यातील त्या १ वर मला काट मारावी लागली. पेन्सिलीने लिहिला असता तर खोडता आला असता, आता तो काटीखाली स्पष्ट दिसतो. पुढे ज्या चीनने ती स्पर्धा जिंकली, त्यांच्याकडूनही आपण हरलो नाही, कारण हरण्यासाठी मैदानात उतरू द्यावे लागते.

हे सारे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की त्या वेळीही आपल्याच वर्तमानपत्रात नंतर दोन दिवस गुणतक्त्यात भारताच्या नावापुढे १ गुण छापून येत होता. मी तेव्हा पोस्टकार्ड पाठवून ही बाब आपल्या नजरेस आणली. पत्र छापले नाही, दुरुस्तीही छापली नाही. करोनाचे दिवस होते, कचेरीत माणसे कमी असतील, अशी मीच आपल्या वतीने माझी समजूत घातली. म्हणजे २०२२ मध्ये जो गुण नव्हता तो आपण दिला, आणि २०२५ मध्ये जो पराभव नव्हता तोही आपणच दिला. हिशेब समसमान झाला असे आपणास वाटत असल्यास मला तसे वाटत नाही.

आपणास हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण छापलेल्या ओळीचे वजन काय असते ते आपल्यापेक्षा मला काल जास्त कळले. आम्हा घरच्यांचा आणि चार मैत्रिणींचा मिळून मोबाइलवर एक गट आहे, आणि पुढील वर्षी ऑस्ट्रेलियात होणाऱ्या आशियाई चषकासाठीची थायलंडमधल्या चियांग माईची पात्रता स्पर्धा सुरू झाल्यापासून त्यात दुसरा विषय नाही. मंगोलियावर १३ गोल झाले आणि त्यांतले ५ एकट्या प्यारी खाखाचे होते, तेव्हा आमचे थोरले दीर लिहितात, ‘समोर कोण आहे ते पाहा.’ पूर्व तिमोर ४-० आणि इराक ५-० झाल्यावरही त्यांचे तेच. मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही. ‘भाऊजी, आपले म्हणणे बरोबर असेलही,’ यापुढे माझी लेखणी जात नाही. शनिवारी थायलंडशी गाठ होती. दोन्ही संघांचे गुण ९ आणि दोघांच्याही खात्यावर २२ गोल, अंगावर एकही नाही, इतकी अटीतटीची लढत मी तरी साखळी सामन्यांत पाहिलेली नाही. त्यातही थायलंड क्रमवारीत ४६वा आणि भारत ७०वा, शिवाय मैदान त्यांचे.

२९व्या मिनिटाला संगीता बासफोरने लांबून जो फटका हाणला, तो जाळ्यात जाईपर्यंत मी हातातले भांडे खाली ठेवले नव्हते. मध्यंतरानंतर दोनच मिनिटांत थायलंडने बरोबरी केली तेव्हा गटावर शांतता पसरली आणि भाऊजींचा एकच संदेश आला, ‘झाले.’ तो मी अजून पुसलेला नाही. ७४व्या मिनिटाला पुन्हा बासफोर. २-१. शेवटची पंधरा-वीस मिनिटे कोणीही काही लिहिले नाही. एका मैत्रिणीने तर मोबाइल उशीखाली ठेवला होता, असे नंतर कबूल केले. पुढे मध्यरात्रीपर्यंत चर्चा रंगली, श्रेय बासफोरचे, गोलरक्षक पांथोई चानूचे की प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांच्या आखणीचे, यावर दोन तट पडले. १९८३ च्या अंतिम सामन्यात याच थायलंडने याच देशात आपल्याला हरवले होते, ही आठवण मी काढली तेव्हा भाऊजी प्रथमच म्हणाले, ‘हे मला ठाऊक नव्हते.’ चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले.

ही माझी कमाई सोमवारी सकाळी आपण बुडवलीत. आठ वाजण्याच्या आत भाऊजींनी आपल्या स्फुटाचे छायाचित्र गटावर टाकले, आपले ते वाक्य लाल रेघेने अधोरेखित केले आणि खाली लिहिले, ‘गेल्या वेळी साखळीत हरले, या वेळी ऑस्ट्रेलियात जाऊन काय करणार?’ मी तक्ता, तारखा, महासंघाचा निर्णय सगळे सांगितले. त्यांचे उत्तर आले, ‘छापून आले आहे.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते आपल्याकडे आहे.

त्याच स्फुटात आपण विचारता की महिला फुटबॉलला प्रेक्षक कुठे आहेत. शनिवारच्या आपल्या अंकातील ‘आजचे सामने’ या चौकटीत एजबॅस्टनची कसोटी होती, विम्बल्डन होते आणि एका जुन्या क्रिकेट सामन्याचे पुनःप्रक्षेपणही होते. चियांग माई नव्हते. आमच्या गटातील अकरा जणांनी सामन्याची वेळ आपापल्या खटपटीने शोधून काढली. रविवारी पहिल्या पानावर ठाकरे बंधूंचा मेळावा आणि पंढरीची एकादशी असणार, याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. क्रीडा पानावर शुभमन गिलच्या १६१ धावांना पाच स्तंभ दिले तेही योग्यच, मी स्वतः ती खेळी पाहिली आहे. परंतु पात्रता फेरी खेळून भारतीय महिला संघ प्रथमच आशियाई चषकाला जातो, ज्या स्पर्धेतून २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाचा रस्ता जातो, त्या बातमीला तळाशी नऊ ओळी, आणि त्या नऊ ओळींत विजयाच्या शिल्पकार खेळाडूचे आडनाव ‘बासफोडे’. हे आडनाव आपल्या संपादकीय खात्याने कोणत्या तालुक्यातून आणले, याची मला खरोखर उत्सुकता आहे.

आणखी एक. शीर्षकात ‘मुलींची कमाल’ असे आहे. संगीता बासफोर येत्या शनिवारी २९ वर्षांची होईल. याच वयाचे पुरुष खेळाडू आपल्या पानावर ‘अनुभवी’ असतात, तिशी ओलांडली की ‘ज्येष्ठ’ होतात आणि त्यांचा संघ हा ‘संघ’ असतो. ‘मुलगे जिंकले’ असे शीर्षक मी एवढ्या वर्षांत आपल्याकडे वाचलेले नाही. मुली नसतील तेव्हा त्या ‘रणरागिणी’ असतात, एवढाच काय तो पर्याय. त्यांना नुसते ‘भारत’ म्हणून पाहावे. शीर्षकात जागाही कमी लागते.

माझी मागणी मोठी नाही. २०२२ च्या आशियाई चषकात भारत पराभूत झाला नव्हता, त्याने माघार घेतल्याचे धरले गेले होते आणि खेळलेला एकमेव सामनाही रद्द ठरवला गेला होता, एवढी दुरुस्ती आपण त्याच पानावर, त्याच जागी आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी. शेवटच्या पानावर जाहिरातींच्या मध्ये बारीक टाइपात छापलेली दुरुस्ती भाऊजी वाचत नाहीत. सोबत बासफोर यांचे आडनावही दुरुस्त करावे. आणि येत्या २९ जुलैला सिडनीत पुढील वर्षीच्या स्पर्धेची गटवाटणी होणार आहे, ती तेवढी ‘आजचे सामने’च्या चौकटीत आली तर बरे होईल, मला नवा तक्ता आखायचा आहे.

२०२२ च्या तक्त्याचे ते पान मी अजून ठेवले आहे. आपल्या कचेरीत त्या वर्षीची नोंद सापडत नसेल, तर काट मारलेल्या त्या रकान्याचे छायाचित्र पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक